फॉन्ट म्हणजे ओतीव, लीडिंग म्हणजे शिसं : टाइप घासणारा पोरगा ‘निर्णयसागर’चा मालक झाला त्याची गोष्ट

गणपतीच्या आधी महिना-दोन महिने पेणला जाऊन या. पेण शहरात, हमरापूरला, जोहेला, जिकडे बघाल तिकडे शेड आणि शेडमध्ये रांगेने मांडलेल्या मूर्ती. रंग चढायच्या आधीची मूर्ती कधी जवळून बघितलीये का? साच्यातून निघाली की तिच्या कडेला जोडाची एक बारीक रेघ उरते. कुठे थोडा जादा माल चिकटलेला असतो. मग कुणीतरी पॉलिश पेपर घेऊन बसतं आणि ते सगळं घासून काढतं. मूर्तीचे डोळे आखणाऱ्याचं नाव होतं, घासणाऱ्याचं कुणी विचारत नाही.

आता पेणहून रेल्वेने रोह्याला या. तिथे, किंवा खरं तर कुठल्याही तालुक्याच्या गावी, याच दिवसांत सगळ्यात जास्त गर्दी असते ती फ्लेक्सच्या दुकानात. मंडळाचा बॅनर, नेत्याच्या शुभेच्छा, वाढदिवस. कॉम्प्युटरवर बसलेला मुलगा भराभर बोलत असतो : फॉन्ट बदलू का, लीडिंग कमी करू का, कर्निंग बिघडलंय, ब्लीड सोडायला पाहिजे. मंडळाचे कार्यकर्ते मान डोलावतात.

एकीकडे साचा नि घासकाम, दुसरीकडे माऊस नि स्क्रीन. दोन्हींचा काही संबंध दिसत नाही. पण त्या मुलाच्या तोंडचे बहुतेक शब्द कॉम्प्युटरवाल्यांनी घडवलेले नाहीत. ते साचे, भट्ट्या, शिसं आणि घासकाम करणाऱ्या कारागिरांचे आहेत. आणि मराठीत या प्रत्येक शब्दामागचं काम स्वतःच्या हाताने करून वर आलेला एक माणूस होऊन गेला. त्याचं नाव जावजी दादाजी चौधरी, म्हणजे निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी.

जावजींकडे जाण्याआधी एक गंमत सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण ज्याला कॅनव्हास म्हणतो, तो शब्द मुळात कॅनॅबिसवरून आलाय. म्हणजे भांग. भांगेच्या जातीच्या झाडाच्या वाखापासून जाडंभरडं कापड विणायचे, त्यावर चित्रकार चित्र काढायचे, म्हणून कॅनव्हास. पॅलेट म्हणजे मुळात छोटं फावडं. टेक्श्चर म्हणजे विणकाम, आणि टेक्स्ट हा त्याचाच सख्खा भाऊ. रास्टर इमेज म्हणतात ना, त्यातला रास्टर म्हणजे लॅटिनमधलं दाताळं! दाताळं मातीवरून ओढलं की एकाखाली एक समांतर रेघा उठतात, तशी एकाखाली एक ओळ ओढत स्क्रीनवर चित्र उमटतं, म्हणून रास्टर. थोडक्यात, यंत्र नवीन आलं तरी माणूस शब्द घरातलेच वापरतो.

अक्षरांच्या बाबतीत मात्र हे घर म्हणजे छापखाना.

घासकामापासून सुरुवात

जावजींचा जन्म १८३९ चा, मुंबईचा. घरची परिस्थिती बेताची, शाळा जेमतेम. दहाएक वर्षांचं पोर कामाला लागलं ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात.

हा छापखाना साधासुधा नव्हता. अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत १८१७ च्या सुमारास मराठी छपाई सुरू केली होती. उद्देश अर्थातच धर्मप्रचाराचा. पण बायबल मराठीत छापायचं तर मराठी अक्षरं हवीत, आणि अक्षरं हवीत तर ती पाडणारी माणसं हवीत. तिथे थॉमस ग्रॅहॅम नावाच्या कारागिराने देवनागरीचे सुबक टाइप घडवले. पुढची कित्येक वर्षं मुंबईत ज्यांनी ज्यांनी अक्षरं पाडली, त्यांची नाळ कुठे ना कुठे या ग्रॅहॅमच्या कामाशी जुळते.

पोरसवदा जावजीकडे काम आलं टाइप घासण्याचं.

म्हणजे काय, ते समजायला टाइप कसा बनतो ते बघावं लागेल. आधी एका पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. हा झाला पंच. कसलेला हात असला तरी एका पंचात दिवस सहज जायचा. मग तो पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा, की तांब्यात अक्षराचा खोलगट ठसा उठतो. तो तुकडा हातातल्या साच्याच्या तळाशी बसवायचा आणि वरून वितळलेलं शिसं ओतायचं. नुसतं शिसं मऊ पडतं, म्हणून त्यात अँटिमनी आणि कथिल. क्षणात धातू थिजतो, साचा उघडतो, आणि बाहेर पडते एक चौकोनी बारीक कांडी, जिच्या डोक्यावर उलटं अक्षर. मराठी छापखान्यांनी तिला नाव दिलं खिळा. किती साधं! दिसतो खिळ्यासारखा, म्हणून खिळा.

पण साच्यातून निघालेला खिळा लगेच कामाचा नसतो. त्याच्या बुडाशी ओतकामाची शेपटी असते, ती मोडावी लागते. कडांना खरखर असते, ती दगडावर घासून काढावी लागते. एखादा खिळा केसभर जाड राहिला तरी ओळीतले बाकीचे सरकतात. पेणच्या शेडमध्ये जोडाची रेघ घासणारा हात आणि मिशनच्या छापखान्यात खिळ्याची कड घासणारा हात, काम तेच. फरक एवढाच की जावजीच्या हाताला दिवसभर शिशाची पूड लागत होती, आणि शिसं अंगात भिनतं हे तेव्हा त्या पोरांना कोण सांगणार?

आता त्या रोह्याच्या दुकानातला पहिला शब्द घ्या. फॉन्ट. फ्रेंचमध्ये वितळवून ओतणे याला एक क्रियापद आहे, ‘फोंद्र’. त्यावरून ‘फोंत’ म्हणजे ओतीव माल. एका वेळी ओतलेला, एकाच मापाचा अक्षरांचा संच, तो फॉन्ट. लोखंड ओततात त्या कारखान्याला इंग्रजीत फाउंड्री म्हणतात, तोही याच कुळातला. आणि हॉटेलात वितळलेलं चीज खायला देतात ते फाँड्यू, तेही! आपण मेनूतून फॉन्ट निवडतो तेव्हा खरं तर ‘ओतीव’ निवडत असतो.

टाइप हा शब्द त्याहून जुना. ग्रीकमध्ये ‘टिपोस’ म्हणजे ठोका, आणि ठोक्याने उठलेला ठसा. कॅरेक्टर म्हणजे मुळात कोरण्याचं हत्यार. ग्लिफ म्हणजे कोरीव. आपल्याकडेही तसंच. टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नी, आणि नाण्यावरचा ठसाही. म्हणून नाणी पाडतात ती टांकसाळ, आणि म्हणूनच टंकलेखन. युरोप असो की आपण, लिहिण्याच्या यंत्राला नाव द्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना आठवली ती छिन्नी आणि ठोका. लेखणी नाही. हे मला फार लक्षात राहण्यासारखं वाटतं.

आणि ज्या तांब्याच्या तुकड्यातून खिळा जन्मतो, त्याला इंग्रजीत मॅट्रिक्स म्हणतात. लॅटिन ‘मातेर’ म्हणजे आई, मॅट्रिक्स म्हणजे गर्भाशय. मराठीत मुद्रणशास्त्रावर लिहिणाऱ्यांनी त्याला मातृका म्हटलं, आणि गंमत म्हणजे संस्कृतात वर्णमालेलाही मातृकाच म्हणतात. पुढे १८५० मध्ये सिल्व्हेस्टर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने आकड्यांच्या चौकटीला मॅट्रिक्स हे नाव दिलं, कारण त्याच्या मते त्या चौकटीतून दुसऱ्या गणिती गोष्टी जन्म घेत होत्या. आज तुम्ही फोटो फिरवता, लहान-मोठा करता, तेव्हा सॉफ्टवेअर आतल्या आत हीच मॅट्रिक्सची आकडेमोड करत असतं. म्हणजे ओतशाळेतली आई आणि गणितातली आई, दोघी एकाच स्क्रीनच्या मागे येऊन बसल्यात.

स्वतःची भट्टी

मिशनचा छापखाना ही जावजींची शाळा झाली. घासता घासता ओतणं, ओतता ओतता अक्षर पारखणं. पुढे टाइम्स ऑफ इंडिया, इंदुप्रकाश, ओरिएंटल अशा छापखान्यांत त्यांनी नोकऱ्या केल्या. मोठं भांडवल नाही, इंग्रजी शिक्षण नाही. होतं ते एकच, मुंबईत मराठी टाइप कुठे चांगला पडतो, कुठे फसतो आणि का फसतो, हे हाताला माहीत होतं.

१८६४ मध्ये त्यांनी स्वतःची टाइप ओतण्याची फाउंड्री काढली.

साल लक्षात घ्या. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडला जाणं बंद झालं होतं, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईत पैसा नुसता वाहत होता. वर्षभरात, १८६५ ला, युद्ध संपलं आणि शेअरबाजार असा कोसळला की भल्याभल्या पेढ्या बसल्या. अशा वेळी एका माणसाने धंदा काढला तो कापसाचा नाही, समुद्र हटवून जमीन करण्याचा नाही, तर शिशाच्या अक्षरांचा. तो टिकला. वर्तमानपत्रं निघत होती, शाळांची पुस्तकं निघत होती, छापखाने वाढत होते आणि प्रत्येकाला खिळे लागत होते. खिळा झिजतो, मोडतो, पुन्हा घ्यावा लागतो. गिऱ्हाईक परत येणारच.

जावजींच्या सोबत होते राणोजी रावजी आरू. अक्षर कोरणारा हात राणोजींचा. आज निर्णयसागरचं वळण म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्या अक्षरांच्या गोलाईत आणि जाड-बारीक रेषेत राणोजींचा मोठा वाटा आहे. पण छापखान्यावर नाव मालकाचं असतं, पंचावर कोरणाऱ्याची सही नसते. त्यामुळे जावजी लोकांना माहीत, राणोजी फक्त या विषयात रमणाऱ्यांना. पुन्हा तेच, पेणच्या शेडसारखं.

हे काम इंग्रजीपेक्षा किती अवघड होतं याची कल्पना करा. इंग्रजीला मोठी सव्वीस, लहान सव्वीस, आकडे आणि विरामचिन्हं, संपलं. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, आणि वर जोडाक्षरं. क्ष, ज्ञ, त्र, श्र तर सोडाच, संस्कृत छापायचं म्हटलं की द्ध, द्व, ह्म, ष्ट्य अशी रांगच लागते. शेकडो खिळे.

त्यातून दोन वाटा निघाल्या होत्या. एक म्हणजे व्यंजन आणि मात्रा एकत्रच एका खिळ्यावर कोरायची. याला छापखान्यात अखंड म्हणायचे. छपाई सुंदर, पण खिळ्यांची संख्या अफाट. दुसरी वाट म्हणजे व्यंजन वेगळं, मात्रा वेगळी, उकार वेगळा, आणि जुळवताना एकावर एक मजले चढवायचे. याला म्हणायचे डिग्री. खिळे कमी, पण जुळाऱ्याचं काम तिप्पट. एका ओळीसाठी तीन ओळी जुळवायच्या.

इथेच कर्निंग आलं. खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबणारा अक्षराचा भाग म्हणजे कर्न. मूळ शब्द कोपरा किंवा बिजागरी या अर्थाच्या घराण्यातला. इंग्रजी ‘एफ’ची वाकडी मान शेजारच्या अक्षरावर कलते, तेवढंच तिथे. आपल्याकडे मात्रा, वेलांटी, रफार सगळंच शेजाऱ्याच्या डोक्यावर. तो लोंबणारा भाग पातळ, दाबाखाली टचकन मोडायचा. जुन्या मराठी पुस्तकात मात्रेचा शेंडा उडालेला दिसला, तर लेखकाला शुद्धलेखन येत नव्हतं असं लगेच समजू नका. बिचाऱ्या खिळ्याची मान मोडलेली असते. आज कर्निंग म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर माऊसने सरकवणं. तेव्हा कर्न हा धातूचा तुकडा होता आणि मोडला की पैसे जायचे.

कोलभाट गल्लीतला छापखाना

१८६९ मध्ये फाउंड्रीच्या जोडीला छापखाना आला. नाव निर्णयसागर. आता निर्णय म्हटलं की आपल्याला मंत्रिमंडळ आठवतं. पण पंचांगाच्या भाषेत निर्णय म्हणजे कोणती तिथी कोणत्या दिवशी धरायची, एकादशी आज की उद्या, याचा निकाल. निर्णयसिंधू नावाचा जुना ग्रंथ याच विषयावरचा. निर्णयसागर हे पंचांगही घरोघर पोचलं आणि काळबादेवीजवळच्या कोलभाट गल्लीतला छापखाना सगळ्या देशात ठाऊक झाला.

पंचांग छापणं हे तेव्हा साधं काम नव्हतं. आकड्यांचे कोष्टक, उभ्या-आडव्या रेघा, बारीक अक्षर. शिवाय धार्मिक पुस्तक छापावं की नाही यावरच लोकांचं मन द्विधा होतं. जावजींच्या आधीचे नामांकित मुद्रक गणपत कृष्णाजी यांनी १८४१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढलं होतं. शाईत चरबी असते म्हणून जुनी मंडळी छापील पोथीला हात लावत नाहीत, हे बघून गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरल्याचं सांगितलं जातं. जावजींच्या वेळेपर्यंत तो विटाळ बराच निवळला होता. लोक आता छापील पोथीला नावं ठेवत नव्हते, छपाई वाईट असली तर ठेवत होते. जावजींनी नेमकं तिथे लक्ष घातलं.

छापखान्यात आत शिरलं की समोर दिसायचे ते लाकडी खणांचे ट्रे. त्यांना म्हणायचे केस. इंग्रजी जुळारी उतरत्या घोडीवर दोन केस ठेवायचा. वरच्यात मोठी अक्षरं, खालच्यात रोजच्या वापरातली लहान. म्हणून अप्पर केस आणि लोअर केस! बँकेच्या ॲपवर पासवर्ड टाकताना ‘एक अक्षर अप्पर केस हवं’ असं येतं ना, तो खरं तर लाकडी ट्रेचा पत्ता आहे. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीतच, त्यामुळे आपल्याला हा भेद लागू होत नाही. पण खिळे इतके, की मराठी जुळाऱ्याच्या आजूबाजूला केसच केस. कोणता रफार कुठल्या खणात हे त्याच्या बोटांना पाठ.

जुळारी डाव्या हातात स्टिक धरायचा आणि उजव्या हाताने एकेक खिळा उचलून उलटा लावायचा. ओळ स्टिकमध्ये घट्ट बसली पाहिजे, नाहीतर उचलताना सगळे खिळे सांडणार. म्हणून शब्दांच्या मध्ये बारीक पट्ट्या घालून ओळ काटेकोर बसवायची. हे झालं जस्टिफाय करणं. आज आपण दोन्ही बाजू सरळ दिसाव्यात म्हणून ते बटण दाबतो, तेव्हा ते सौंदर्यासाठी कमी आणि खिळे सांडू नयेत म्हणून जास्त होतं.

दोन ओळींच्या मध्ये हवा हवी असेल तर? शिशाची लांब पातळ पट्टी घालायची. शिसं म्हणजे इंग्रजीत लेड. लेड घालणं म्हणजे लेडिंग. आपण त्याचं स्पेलिंग बघून लीडिंग म्हणतो, जणू कुणी पुढारी ओळीचं नेतृत्व करतोय. मीसुद्धा कित्येक वर्षं तसंच म्हणत होतो आणि मनात पुढे नेणं असाच काहीतरी अर्थ धरून होतो. त्यात नेणं-बिणं काही नाही, निव्वळ शिसं आहे. देवनागरीला हे शिसं जास्त लागतं, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत घुसतात. रोह्याचा मुलगा बॅनरवर लीडिंग कमी करतो आणि ‘श्रीकृष्ण’मधला ऋकार खालच्या ‘मित्रमंडळा’च्या डोक्यात जातो, ही अडचण कोलभाट गल्लीतल्या जुळाऱ्याला नवी नव्हती. त्याच्याकडे उत्तरही होतं, अजून एक पट्टी घाल.

ब्लीड मात्र त्याच्या कामाचा शब्द नव्हता. चित्राचा रंग कागदाच्या कडेबाहेर वाहू द्यायचा, म्हणजे कापल्यावर पांढरी किनार राहत नाही. इंग्रजीत त्याला सरळ रक्त वाहणं म्हणून टाकलं. निर्णयसागरच्या पोथ्यांना भरपूर कोरा समास असायचा, तिथे काही वाहायला जागा नव्हती.

अक्षर शुद्ध हवं

नुसते सुबक खिळे असून भागत नाही. मजकूर शुद्ध हवा. जावजी स्वतः पंडित नव्हते, पण पंडितांना सोबत घ्यायचं हे त्यांना कळलं होतं. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली १८८६ पासून काव्यमाला सुरू झाली. हस्तलिखितांत पडून असलेली संस्कृत काव्यं, नाटकं, अलंकारशास्त्राचे ग्रंथ एकामागून एक छापून बाहेर पडू लागले. युरोपातल्या संस्कृतच्या अभ्यासकांच्या टेबलावर मुंबईच्या गल्लीत छापलेलं पुस्तक जाऊन बसलं. पुढच्या काळात वासुदेवशास्त्री पणशीकरांसारख्या शास्त्र्यांनी निर्णयसागरसाठी ग्रंथ शोधून दिले. आजही संस्कृतच्या लोकांत एखाद्या ग्रंथाची निर्णयसागर प्रत म्हटलं की ती विश्वासाची मानतात.

मुलांसाठीही काम झालं. विनायक कोंडदेव ओकांचं बालबोध मासिक १८८१ मध्ये सुरू झालं आणि ते निर्णयसागरातून निघायचं. शास्त्र, चरित्रं, निसर्ग असे विषय सोप्या मराठीत देणारं मासिक. म्हणजे तुम्ही आत्ता जे वाचताय त्याचे आजोबाच म्हणा. त्या नावातही एक शब्द लपलाय. देवनागरीला मराठीत बाळबोध म्हणत, बाळालाही बोध होईल असं सुटं, स्वच्छ अक्षर. कचेऱ्यांत, हिशेबाच्या वह्यांत चालायची ती मोडी. मोडी हाताने भराभर लिहायला उत्तम, पण तिची वळणं एकमेकांत गुंतलेली, ती सुट्या खिळ्यांवर बसवणं त्रासाचं. छापखान्यांनी बाळबोध उचलली आणि मोडी मागे पडत गेली. आज तुमच्या घरातले जुने खरेदीखताचे कागद वाचायला मोडी वाचक शोधावा लागतो, त्याचं एक कारण शिशाच्या त्या खिळ्यात आहे.

इकडे फाउंड्रीही वाढत होती. मराठी-संस्कृतबरोबर गुजराती टाइपही तिथे ओतले जात. दुसऱ्या छापखान्यांना खिळे विकले जात. म्हणजे पुस्तक निर्णयसागरचं नसलं तरी त्यातलं अक्षर पुष्कळदा निर्णयसागरचं असायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर कंपनी नुसती डिझाइन करत नव्हती, ती इतरांना फॉन्टही पुरवत होती. फरक इतकाच की तो पेनड्राइव्हवर नाही, पेट्यांत भरून, वजनावर जायचा.

जावजी दादाजी ५ एप्रिल १८९२ रोजी गेले. वय त्रेपन्नच्या आसपास. दहा वर्षांचा असताना दुसऱ्याचे टाइप घासणारा पोरगा जाताना मागे फाउंड्री, छापखाना, पंचांग आणि संस्कृत ग्रंथांची माला ठेवून गेला. पुढे मुलगा तुकाराम जावजी आणि त्यानंतर पांडुरंग जावजी यांनी कारभार पाहिला. जुन्या निर्णयसागरी पुस्तकांच्या पहिल्या पानावर ही नावं तुम्हाला हमखास दिसतील.

मग खिळा गेला कुठे?

शिसं गेलं, फोटोवर अक्षरं उठू लागली, मग कॉम्प्युटर आला. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी इंग्रजी छापखान्यातले शब्द उचलून मेनूत टाकले, कारण ते त्यांच्या डोळ्यांसमोर होते. फॉन्ट, केस, लीडिंग, कर्निंग, जस्टिफाय. आपले खिळा, जुळारी, अखंड हे शब्द तिथपर्यंत पोचलेच नाहीत. मराठीत सॉफ्टवेअर करताना कुणी ‘टंक’ म्हटलं, कुणी ‘अक्षरसंच’, पण रोजच्या बोलण्यात फॉन्टच राहिला. मला त्याचं फार दुःख नाही, कारण फॉन्टही कारागिराचाच शब्द आहे. पण जुळारी हरवला याचं वाईट वाटतं. तो माणसाचं नाव होता, यंत्राच्या भागाचं नाही.

अडचणी मात्र जशाच्या तशा आल्या. देवनागरीची शेकडो जोडाक्षरं कॉम्प्युटरमध्ये बसवायची कशी? मुंबईतच त्यावर मोठं काम झालं. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी केलेला मंगल फॉन्ट विंडोजबरोबर घराघरांत गेला. आताच्या फॉन्टमध्ये क, हलन्त आणि ष हे तीन सुटे अंश एकामागोमाग आले की त्यांच्या जागी ‘क्ष’ हा ग्लिफ ठेवायचा, असे नियम आतच लिहिलेले असतात. जुळारी बोटांनी जे करायचा ते हे नियम करतात. नियम चालले नाहीत, की बॅनरवर सुटं ‘श्‌’ आणि त्याच्यापुढे एकटं ‘री’. व्हॉट्सॲपवरून आलेला मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये चिकटवला की हे हमखास होतं, आणि ऐन चतुर्थीच्या आदल्या रात्री होतं.

घरात आजोबा-पणजोबांच्या वेळची निर्णयसागरची एखादी पोथी असेल, तर एक करून बघा. पान उलटं करा आणि मागच्या बाजूने बोटाचं टोक अलगद फिरवा. बऱ्याच जुन्या प्रतींत ओळी बोटाला लागतात, कारण खिळा कागदावर दाबला गेलेला असतो. ग्रीक लोक ज्याला टिपोस म्हणायचे, तो ठोका तो हाच.